सोवळ्यातला लॅपटॉप

धारच्या भाजीबाजारात गिलक्यांच्या ढिगापुढे उभे राहून माधव निरखे गुरुजी पुरुषसूक्त म्हणत होते. आपण मनातल्या मनात म्हणतो आहोत असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात ओठ हलत होते, मान डोलत होती आणि स्वरही थोडाफार बाहेर सांडत होता. भाजीवाल्या भवानीबाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मागे गिऱ्हाइकं तुंबली तेव्हा त्या म्हणाल्या, “पंडितजी, गिलकी लेणी है के कथा बांचणी है?”

गुरुजी दचकले. सूक्त होतं तिथून निसटलं. मग पुन्हा पहिल्या ऋचेपासून सुरुवात करावी लागली, आणि ते म्हणत म्हणतच ते स्कूटरपर्यंत गेले, स्कूटरवरून घरी आले. सूक्त पुरं झालं, कुठे अडलं नाही. गिलकी मात्र भवानीबाईंकडेच राहिली.

“भाजी?” अक्कांनी रिकामी पिशवी उलटी करून विचारलं.

“विसरलो,” गुरुजी म्हणाले, आणि स्वतःच्याच तोंडून निघालेला तो शब्द ऐकून तिथल्या तिथे पहिली ऋचा पुन्हा म्हणू लागले.

भाजी विसरणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. पण उन्हाळ्यापासून गुरुजी स्वतःवर पाळत ठेवून होते. स्कूटरवर, न्हाणीघरात, धामनोदच्या एका ढाब्याच्या वास्तुशांतीला जाताना बसमध्ये, जिथे वेळ मिळेल तिथे ते स्वतःची परीक्षा घेत. रुद्र म्हणून बघ. पवमान म्हणून बघ. अडलास का? नाही ना? मग परत म्हण. असं दिवसभर खणून काढल्यावर कुठल्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहील? पण हे त्यांना सांगणार कोण? त्यांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

निरख्यांचे पूर्वज संस्थानच्या वेळी इकडे आले. कुणी कचेरीत लेखणी घासली, कुणी देवळात घंटा वाजवली. माधवरावांच्या वाट्याला दोन्ही आलं. कुक्षीला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बाबूगिरी, आणि कचेरीच्या आधी नि नंतर पूजा, मुंजी, श्राद्धं. वडिलांना सगळे दादा म्हणत. त्यांनीच लहानपणी पहाटे उठवून मंत्रांची संथा दिली होती. शाळेत हिंदी, पाटावर संस्कृत आणि या दोहोंच्या मधल्या फटीत मराठी, अशी त्यांची वाढ झाली. बायको लवकर गेली. मुलगी उर्वी तेव्हा लहान होती. तिला माधवरावांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्कांनी वाढवलं. अक्का कुक्षीच्याच सरकारी शाळेत शिकवायच्या. त्यांनी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दोघं निवृत्त झाल्यावर धारला, नव्या कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या घरात येऊन राहिली.

गुरुजींचा पिंडच चुळबुळ्या. खुर्चीवर बसले तर पाय हलणार, उभे राहिले तर किल्ल्या वाजवणार, चहा गार व्हायच्या आत दोनदा दारात जाऊन येणार. अक्का म्हणायच्या, “याच्या अंगात देवाने खिळे ठोकायचेच ठेवले.” हा माणूस स्थिर व्हायचा तो फक्त पाटावर. पूजेचा रेशमी कद नेसून, आचमन करून एकदा बसले की तासन्‌तास मांडी हलायची नाही. तेवढी एकच जागा त्यांना निवांत होती, आणि उन्हाळ्यापासून नेमकी तीच गेली होती.

त्याचं असं झालं. माळव्यातल्या मराठी घरांतली मुलं पुण्याला, बंगळुरूला, सिंगापूरला गेली, पण पितर बिचारे इथेच राहिले. त्यांचं कसं करायचं? लॉकडाउनमध्ये याला तोड निघाली ती पुढे तशीच चालू राहिली. यजमान तिकडे, गुरुजी इकडे, मध्ये लॅपटॉप. गुरुजींनी एक तुकडा सांगायचा, थांबायचं. यजमानाने तो म्हणायचा. मग पुढचा तुकडा. आधी मोबाईलवर करून पाहिलं होतं, पण ऐन पिंडदानात क्रेडिट कार्ड विकणाऱ्या बाईचा फोन मध्ये शिरला आणि अक्कांनी मोबाईल कायमचा बाद केला. उर्वी देवासच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिने आपला जुना लॅपटॉप आणून दिला.

लॅपटॉप आला तसा सोवळ्याचा प्रश्नही आला. तो पाटावर ठेवायचा, कारण लाकडाला विटाळ नसतो. कॉल उर्वीने शिकवल्याप्रमाणे आधीच लावून घ्यायचा आणि मग गुरुजींनी आंघोळ करून बसायचं; बसल्यावर त्याला हात लावायचा नाही. इथवर गुरुजींनाही पटत होतं. पण अक्कांचं बोट चार्जरच्या तारेवर होतं.

“ही नको. ही भिंतीत जाते, भिंतीतून खांबावर, खांबावरून गावभरच्या मोऱ्या आणि न्हाणीघरं फिरून येते. सोवळ्याच्या पाटाला ती शिवलेली मला चालणार नाही.”

“मग वायफायचं काय, अक्का?”

“ते हवेतून येतं. हवेला कसला आलाय विटाळ?”

या युक्तिवादापुढे गुरुजींनी हात टेकले. तेव्हापासून रीतच पडली. आदल्या रात्रभर लॅपटॉप चार्ज करायचा, आणि गुरुजी पाटावर बसायला आले की अक्कांनी लाकडी चिमट्याने तार उपटून बाजूला टाकायची. बॅटरी कामापुरती पुरायची. बरेच दिवस सारं सुरळीत चाललं होतं. नंतर तो जुना लॅपटॉप बसला आणि उर्वीने दुसरा, त्यातल्या त्यात बरा, आणून दिला, तेव्हाही रीत तीच राहिली.

आता नारायणरावांबद्दल सांगायला हवं. देवासचे नारायणराव म्हणजे गुरुजींचे यजमान, पण ते आपलं म्हणायला. दर वर्षी त्यांच्या वडिलांच्या तिथीला गुरुजी देवासला जात. श्राद्ध आटोपलं की नारायणराव त्यांना स्कूटरवर घालून बस स्टँडवर सोडायला येत, आणि बस समोर उभी असताना दोघं गप्पा मारत दुसऱ्या बसची वाट पाहत. तिचीही वेळ झाली की तिसरीची. मागच्या वर्षी नारायणराव गेले. त्यांचा मुलगा अंबरीश सिंगापूरला असतो. दिवसकार्याला तो आला, पुढे दर महिन्याचं श्राद्ध मात्र तिथूनच करू लागला. आणि याच श्राद्धांत, नवा लॅपटॉप आल्यापासून, घोटाळा सुरू झाला.

गुरुजी तुकडा सांगून थांबत. तिकडे शांतता. अंबरीशचं तोंड हललेलं दिसत नसे. ऐकू गेलं नसेल म्हणून गुरुजी तोच तुकडा परत सांगत, तेवढ्यात तिकडून पहिल्याचं उत्तर येऊन आदळे. मग दोघंही थांबत. मग दोघंही एकदम सुरू करत. मग परत दोघंही थांबत. देवाण-घेवाणीची जी लय असते ती पार मोडून जाई, आणि लय मोडली की मंत्रही हातातून निसटतो, हे संथा घेतलेल्या कुणालाही ठाऊक असतं. एकदा तर गुरुजींना आपण तिलोदकाच्या आधी आहोत की नंतर तेच कळेना. कपाळावर घाम आला. पायाचा अंगठा कदाच्या आत हलू लागला.

आणि मग एके दुपारी नारायणरावांच्या पत्नीचा, सावित्रीबाईंचा, देवासहून फोन आला.

“माधवभाऊजी, राग मानू नका हं. अंबरीश म्हणत होता, गुरुजी हल्ली तेच तेच परत म्हणतात. मध्येच थबकतात. तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे, वहिनी. ते नेटचं काहीतरी आहे.”

“हो का? तो म्हणाला, त्याच्या ऑफिसचे कॉल तर तिथून बिलकुल साफ चालतात.”

फोन ठेवल्यावर गुरुजी पायातल्या चपलांसकट घरभर फिरले. अक्का ओरडल्या तेव्हा चपला काढल्या आणि अनवाणी फिरले.

तेच तेच परत म्हणतात. दादांबद्दलही लोक हेच म्हणू लागले होते. एका सत्यनारायणाला दादांनी तिसरा अध्याय लागोपाठ तीनदा वाचला होता. मंडळींनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. पुढे पुढे दादांचे मंत्र गेले, मग माणसं गेली, आणि शेवटी घराची वाट गेली. गुरुजी आता दादांच्या त्या वेळच्या वयाला पोचले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंटरनेटवाल्याला बोलावलं. हर्षित नावाचा हसतमुख मुलगा आला, लॅपटॉपची तार भिंतीत खोचून ऐसपैस बसला, आणि स्क्रीनवर घड्याळासारखा एक काटा गरगर फिरवून दाखवला.

“अंकल, लाइन तो मक्खन है. खुद देख लो.”

“पण भिया, बोलते वक्त अटकता है.”

“तो बोल के देख लो.” त्याने आपल्या एका मित्राला व्हिडिओ कॉल लावला. मित्र कुक्षीच्या बाजारातून कचोरी खात खात बोलला. एक शब्द तुटला नाही, कचोरीचा कुरकुरीत आवाजसुद्धा स्वच्छ आला. हर्षितने तरीही भिंतीवरचा डबा बदलला, पुढच्या खेपेला बाहेरची केबल बदलली. प्रत्येक वेळी त्याच्यासमोर सगळं झकास, आणि महिन्याचं श्राद्ध आलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

गुरुजींनी हिशेब मांडला. लाइन ठीक. लॅपटॉप ठीक. अंबरीशकडचं ठीक. मग बिघडलेलं असं राहिलं कोण?

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दोन दिवसांनी इंदूरला बस बदलून ते देवासला पोचले आणि थेट सावित्रीबाईंच्या दारात उभे राहिले. बाईंनी पाणी दिलं, गूळ दिला. नारायणरावांच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले होते.

“वहिनी, वर्षश्राद्धाला दुसरं कुणी बघा,” गुरुजी एका दमात बोलून गेले. “इंदूरला चांगली मंडळी आहेत.”

सावित्रीबाई नको म्हणतील, असं कसं म्हणता भाऊजी म्हणतील, अशी त्यांना आशा होती. बाईंनी खुर्चीवरच्या कपड्यांची घडी सारखी केली.

“अंबरीशने एकाचा नंबर घेऊन ठेवलाय,” त्या म्हणाल्या. “मीच म्हटलं, भाऊजींशी बोलल्याशिवाय नाही. ह्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणायचे, माझ्या नावाचे तीळ माधवच्या तोंडून पडले तरच मला पोचतील. पण तुम्हाला झेपत नसेल तर मी कशी म्हणू? पुढच्या पंधरवड्यात तिथी आहे. नीट विचार करा आणि सांगा.”

नारायणरावांचं शेवटचं मागणं, आणि ते आपल्याच्याने होणार नाही. गुरुजी तिथून निघाले ते उर्वीच्या खोलीवर. तिने पोहे केले. पोहे खाता खाता गुरुजींचे ओठ हलत होते.

“बाबा, तुम्ही काय बडबडता आहात?”

“काही नाही.”

“पुरुषसूक्त आहे. मला येत नाही पण कळतं. पोह्यांवर कोण पुरुषसूक्त म्हणतं?”

मग मात्र बांध फुटला. दादांपासून अंबरीशपर्यंत सगळं त्यांनी उलटंसुलटं सांगून टाकलं. सांगताना एकदा उठून खिडकीशी गेले, एकदा दारापर्यंत. उर्वीने त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

“मला आधी क्यों नहीं बताया? हर्षितला सांगितलं आणि मला नाही?”

“तू काळजी करशील म्हणून.”

“आता तर बिलकुल नाही करत आहे ना काळजी,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते. थोड्या वेळाने तिच्यातली मास्तरीण जागी झाली. “बाबा, ऐका. जो फॉल्ट समोर येत नाही तो पकडता येत नाही. मी रविवारी धारला येते. तुम्ही अगदी श्राद्धाला बसता तसेच बसा. कमी नाही, जास्ती नाही.”

रविवारी ती आली. आधी तिने स्वतःच लॅपटॉप तपासला, आणि हर्षितसारखीच मान हलवली. सगळं ठीक. स्वयंपाकघरात जाऊन तिने आपल्या मोबाईलवरून कॉल लावला आणि यजमान झाली. बाहेरच्या खोलीत गुरुजी साध्या धोतरावरच बसले आणि तुकडे सांगू लागले. उत्तरं टकाटक येत होती. उच्चार भयंकर होते, पण वेळेवर होते. गुरुजींचा चेहरा उतरला. यंत्र बिघडलेलं निघावं म्हणून इतका आसुसलेला माणूस अख्ख्या धारमध्ये दुसरा नसेल.

“बाबा, असं नाही. मी काय म्हटलं होतं? अगदी तसेच.”

गुरुजींनी आंघोळ केली, कद नेसला. अक्कांनी पाट पुसला, लॅपटॉपची जागा केली, आणि नेहमीप्रमाणे लाकडी चिमट्याने तार उपटली. गुरुजींनी आचमन करून पहिला तुकडा सांगितला. स्वयंपाकघरातून उर्वीचं खरं उत्तर भिंतीपलीकडून ऐकू आलं. लॅपटॉपमधलं मात्र आलं नाही. मग आलं. गुरुजी थांबले, पुढचा तुकडा सांगितला, पुन्हा तेच.

“उर्वी,” त्यांनी हाक मारली. “बघ. होतंय.”

ती धावत आली आणि सोवळ्याच्या रेषेबाहेर उभी राहिली. गुरुजी मांडी न हलवता बसले होते, डोळे मिटलेले. भिंतीपलीकडचा आवाज आणि यंत्रातला आवाज अशी दोन उत्तरं आज पहिल्यांदाच त्यांना एकदम ऐकायला मिळाली होती, आणि मात्रा मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

“जा, परत आत जा. मी लागोपाठ सांगतो, तू लागोपाठ म्हण.” तसं केलं. मग ते म्हणाले, “आता मी मध्ये थांबतो.” तसंही केलं. शेवटी त्यांनी डोळे उघडले.

“लागोपाठ म्हटलं की सगळी बरोबर येतात. मी थांबलो की त्यानंतरचं पहिलं तेवढं उशिरा येतं. फक्त पहिलं. दुसऱ्यापासून परत सरळ.”

उर्वी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर पाटाशेजारी निपचित पडलेल्या तारेकडे गेली, तिथून अक्कांच्या हातातल्या चिमट्याकडे.

“अक्का, ही तार तुम्ही दर वेळी काढता?”

“म्हणजे काय? सोवळ्यात तार?”

उर्वी खाली बसली आणि हसू लागली. अक्कांना वाटलं ती सोवळ्याला हसते, म्हणून त्या फणकारल्या. उर्वीने त्यांची माफी मागितली, बाबांची परवानगी घेऊन लॅपटॉप मांडीवर ओढला आणि त्यावर एक काळी चौकट उघडली. घरातल्या वायफायच्या डब्याला लॅपटॉप सारखा हाक मारणार आणि ओ यायला किती वेळ लागला त्याचा आकडा दाखवणार, असं तिने सांगितलं. तार खोचली. आकडे एकाखाली एक शिस्तीत पडू लागले, सगळे लहान, सगळे जवळपास सारखे. तार काढली. एक लहान, एक लहान, मग एकदम शंभरांवर, मग लहान, मग त्याहून मोठा. गुरुजी पुढे वाकून बघत होते.

“हा बघा तुमचा विसराळू,” उर्वी म्हणाली. “ह्याच्या आत वायफायचं कार्ड असतं. तार असली की ते पूर्ण वेळ जागं राहतं. तार काढली, बॅटरी पे आया, की वीज वाचवायला मध्ये मध्ये डुलकी काढतं. तुम्ही थांबता, शांतता होते, त्याला वाटतं काम संपलं. मग पुढचं आलं की उठून तोंड धुवून येईपर्यंत वेळ जातो. जुन्या लॅपटॉपला ही सवय नव्हती, ह्याला आहे.”

“आणि हर्षित?”

“त्याने आल्या आल्या तार लावली असणार. मीही तेच केलं. जो दुरुस्त करायला येतो तो आधी तार लावतो, आणि तार लावली की आजार गायब.”

अक्का चिमटा हातात धरून उभ्या होत्या. चेहरा पडला होता. “म्हणजे मी…” त्या म्हणाल्या. मग ताठ झाल्या. “पण तार सोवळ्यात चालणार नाही. ते मी आधीच सांगते.”

“तार नकोच, अक्का. बिना तारेचंच ह्याला जागं ठेवते.”

तिने सेटिंगमध्ये कुठेकुठे जाऊन बॅटरीवरही कार्डाने पूर्ण ताकदीने चालावं असं ठरवून दिलं. तार काढून पाहिलं. सुधारलं, पण मध्येच एखादा आकडा उडी मारतच होता. उर्वीच्या कपाळाला आठी पडली. गुरुजी उठून फेऱ्या घालू लागले. संध्याकाळी दिवे लागता लागता तिला आणखी एक जागा सापडली: वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला यंत्राला मुभा असावी का, असा प्रश्न आणि त्यापुढे बरोबरची खूण. कारखान्यातूनच कुणीतरी परस्पर हो म्हणून टाकलं होतं. तिने खूण काढली. तार बाजूला पडलेली, आणि आकडे मात्र शिस्तीत चालू.

गुरुजींनी तिथल्या तिथे सावित्रीबाईंना फोन लावला. “वहिनी, मीच करणार,” एवढंच म्हणाले. मग स्कूटर काढून बाजारात गेले आणि भवानीबाईंकडून पिशवीभर गिलकी घेऊन आले. ती संपवायला घराला आठवडा लागला.

पण धाकधूक गेली म्हणता पुरती गेली नव्हती. माणसाच्या मनाला खूण काढून टाकायची जागा नसते. वर्षश्राद्धाच्या दिवशी पहाटेपासून गुरुजी तीनदा गच्चीवर जाऊन आले. उर्वी रजा काढून आली होती. दुपारी अक्कांनी तार उपटली, गुरुजी बसले, जानवं अपसव्य केलं. स्क्रीनवर सिंगापूरच्या एका उंच इमारतीतली बैठकीची खोली दिसत होती. केळीचं पान, धारहून कुरियरने पाठवलेले दर्भ आणि काळे तीळ. अंबरीश उपरणं सावरत बसला होता. डोक्यावरचे केस वडिलांसारखेच मागे हटू लागले होते.

आणि सारं कसं वाहत्या पाण्यासारखं चाललं. गुरुजी सांगत, अंबरीश म्हणे. सांगत, म्हणे. गुरुजींची मांडी बऱ्याच महिन्यांनी स्थिर झाली. एका कोपऱ्यात बसून उर्वी स्क्रीनच्या कडेला उघडी ठेवलेली काळी चौकट बघत होती.

वर्षभराच्या श्राद्धांत एकट्या नारायणरावांचंच नाव घ्यायचं होतं. आज पहिल्यांदा तीन पिढ्यांची रांग लागायची होती: वडील, आजोबा, पणजोबा. गुरुजींनी हातातले तीळ सारखे केले, डोळे मिटले आणि ओळीला सुरुवात केली.

“अस्मत्पितुः भास्करशर्मणः…”

ते थांबले. तिकडून काही आलं नाही.

गुरुजींनी वाट पाहिली. शांतता. परत तेच, नेमकं आजच. त्यांनी डोळे उघडून उर्वीकडे पाहिलं. तिने काळ्या चौकटीकडे पाहिलं आणि मान हलवली. आकडे सगळे लहान होते. लाइन जागी होती. अंबरीश हलत होता. त्याने हातातली पळी खाली ठेवली होती.

“माधवकाका,” तो म्हणाला. वर्षभर तो गुरुजी म्हणत होता. काका ही लहानपणची हाक. “बाबा राहिले.”

गुरुजींना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. भास्करराव हे नारायणरावांचे वडील. इतकी वर्षं देवासच्या त्या घरात समोरच्या पाटावर नारायणराव बसत आणि गुरुजी त्यांना हीच ओळ सांगत: वडील भास्कर, आजोबा त्र्यंबक, पणजोबा हरी. ओळ जिभेवर बसली होती. आज ती एका पायरीने खाली सरकायची होती, आणि त्या पहिल्या जागेवर, गेलेल्यांच्या रांगेत, ज्याने बस सोडून गप्पा मारल्या त्याला नेऊन बसवायचं होतं. एकट्याचं नाव त्यांनी महिनोनमहिने घेतलं. रांगेत मात्र जीभ घेईना.

ज्या चुकीला ते उन्हाळ्यापासून भीत होते ती ही अशी समोर आली होती, सगळ्यांच्या देखत, आणि आता दोष द्यायला यंत्रही नव्हतं. पण भीती वाटली नाही. फार वाईट वाटलं, आणि ते भीतीपेक्षा वेगळं होतं.

“चुकलो रे,” गुरुजी म्हणाले. गालावरून पाणी ओघळलं, आणि सोवळ्यातले हात तिळांनी भरलेले असल्यामुळे ते पुसता आलं नाही. “विसरलो नाही. तुझ्या बाबांना त्या ओळीत बसवायचं म्हणजे… माझ्याच्याने होत नाही. थांब. परत सांगतो.”

दारात उभ्या असलेल्या अक्कांनी पदर तोंडाला लावला. गुरुजींनी श्वास घेतला.

“अस्मत्पितुः नारायणशर्मणः.”

अंबरीशने पळी उचलली. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. त्याने मान खाली घातली. सिंगापूरच्या त्या खोलीतल्या पंख्याचा आवाज धारच्या पाटावर स्वच्छ ऐकू येत होता. गुरुजींनी तुकडा परत सांगितला नाही. मांडी हलवली नाही, उर्वीकडे पाहिलं नाही. तीळ हातात धरून ते थांबून राहिले, कितीतरी वेळ, आणि मग तिकडून उत्तर आलं.

“नारायणशर्मणः.”